थांबणाऱ्यांच्या गटात

ताईला आशेची चीड होती.

नजर हळूहळू जात चाललेल्या माणसांना रोजचं जगणं नव्याने शिकवणारं एक केंद्र होतं. तिथे ती स्वयंपाकघराचा वर्ग घ्यायची. गरम चहा ओतताना कपाच्या कडेवर बोट कसं ठेवायचं, चिरताना बोटांची टोकं आत कशी दुमडायची, तेल तापलंय हे नुसत्या कानाने कसं ओळखायचं, हे शिकवता शिकवता तिचा दिवस जायचा. नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी हमखास विचारायचा, "ताई, यावर इलाज निघतोय म्हणे. मग हे सगळं कशाला शिकायचं?"

"निघेल तेव्हा निघेल," ताई म्हणायची. "तोवर काय उपाशी राहणार आहात का?"

वर्ग हसायचा आणि कामाला लागायचा.

बोलायचा अधिकार तिला होता, कारण तिचं दुखणंही तेच होतं. शाळेत असताना दिवेलागणीनंतर ती भिंत धरून चालायची, आणि मुली तिला भित्री म्हणायच्या. पुढे अंधारातलं दुखणं उजेडातही आलं. नजरेच्या कडा आत आत सरकल्या, आणि चाळिशी येईस्तोवर जग एखाद्या नळीतून बघावं एवढंच उरलं. समोरच्याचं नाक दिसलं तर त्याचे कान दिसायचे नाहीत. डोळ्याच्या पडद्याचा हा आजार रक्तातूनच आलाय, त्याला औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती पोटभर रडली आणि थोड्याच दिवसांत पांढरी काठी घेऊन आली. आपल्यापुरतं ते प्रकरण तिने मिटवून टाकलं.

धाकट्या बहिणीचं तसं नव्हतं. धाकटीलाही तोच आजार, पण तिने तो कधी कबूलच केला नाही. कपड्यांच्या दुकानात ती काउंटरवर उभी राहायची आणि मालकाला काही कळू द्यायची नाही. कुणी हात पुढे केला आणि तो तिला दिसला नाही, तर लोक म्हणायचे, बाई भारी शिष्ट आहे. शिष्ट म्हणवून घेणं तिला चालायचं, आंधळी म्हणवून घेणं चालायचं नाही. एकदा पाहुण्याला पाणी देताना तिने पेल्याऐवजी त्याच्या मांडीवरच ओतलं आणि वर म्हणाली, "आज उकडतंयही फार, नाही का?" हा किस्सा घरात इतक्या वेळा सांगितला गेला होता, की तो विनोदच होऊन बसला होता. काठीचा विषय काढला की मात्र धाकटीचं तोंड फिरायचं.

तिचा नवरा विजेची कामं करायचा. घरीदारी सगळे त्याला वायरमनच म्हणायचे. त्याने बायकोसाठी घरभर दिवे लावले होते. जिन्याच्या वळणावर, कपाटाच्या आत, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी. त्यांचं घर लांबून एखाद्या दुकानासारखं झगमगायचं. आणि त्या झगमगाटात बसून धाकटी मोबाइलवर जगभरच्या संशोधनाच्या बातम्या मोठ्याने वाजवून ऐकायची.

रक्ताची तपासणी करून घ्यायची, हा हट्टही तिचाच. नेमका कुठला बिघाड आहे ते कळलं नाही, तर उद्या इलाज आला तरी आपल्याला कुणी विचारणार नाही, असं तिचं म्हणणं. तिने ताईलाही ओढून नेलं. आईचंही रक्त घेतलं. निकालाच्या दिवशी तिघी डॉक्टरांसमोर बसल्या.

"हा बिघाड आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो," डॉक्टर म्हणाले. "एकाकडूनच आला तर काही होत नाही. तुमच्या आईंकडे तो आहे, पण त्यांचे डोळे ठणठणीत आहेत. म्हणजे वडिलांकडेही असलाच पाहिजे."

आईने निकालाचा कागद स्वतःकडे ओढला. सासरी जन्मभर तिने ऐकलं होतं की हे खूळ तिच्या माहेरचं. नवरा गेला तोही तेच म्हणत. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे अर्धं त्यांचंही." आणि मग, "हे ऐकायला ते पाहिजे होते हो डॉक्टर."

तिच्या त्या बोलण्यात सुटकेपेक्षा चरफडच जास्त होती. भांडायला आता समोर माणूसच उरला नव्हता.

वर्षभराने त्याच डॉक्टरांचा फोन आला. एका कंपनीने नेमक्या याच बिघाडावर औषध काढलं होतं. बिघडलेल्या जनुकाची धड प्रत डोळ्याच्या पडद्याखाली सुईने सोडायची. त्याची चाचणी त्यांच्या रुग्णालयात होणार होती, आणि दोघी बहिणी त्यात बसत होत्या. एका वेळी एकच डोळा. पहिला सुखरूप राहिला की पुढच्या टप्प्यात दुसरा.

धाकटी फोनवरच रडायला लागली. ताई म्हणाली, "मला नको. माझं बरं चाललंय."

"तुझं बरं चाललंय म्हणजे काय गं?" धाकटी म्हणाली. "नळीतून बघतेस, त्याला बरं म्हणतेस?"

"आशेवर लटकण्यापेक्षा बरं."

"मग माझ्यासाठी ये. मी एकटी गेले तर भीतीनेच मरेन."

ताई गेली. बहिणीसाठी जातेय असं ती सगळ्यांना सांगत होती, आणि बरेच दिवस ते खरंही होतं.

तिथे कळलं की निम्म्या लोकांना औषध लगेच मिळणार आणि निम्मे वर्षभर नुसते थांबणार. औषधाने खरंच फरक पडतो का, हे थांबणाऱ्यांशी ताडून बघायचं. वर्ष संपलं की त्यांनाही औषध. कोण कुठल्या गटात, हे संगणक ठरवणार. धाकटी औषधाच्या गटात गेली, ताई थांबणाऱ्यांच्या.

"तुझ्याऐवजी मला थांबवायला हवं होतं," धाकटी म्हणाली, पण तिच्या आवाजातला आनंद काही लपत नव्हता. ताईने तिच्या पाठीवर थोपटलं. तिला खरंच काही वाटलं नव्हतं. तेव्हा.

शस्त्रक्रियेनंतर धाकटी दिवसभर उताणी पडून होती. गोळ्यांनी तिचा चेहरा सुजला, झोप उडाली, ती वायरमनवर खेकसायला लागली. मग एका संध्याकाळी वायरमनचाच फोन आला. त्याला धड बोलताही येईना. जिन्यातला एक दिवा गेला होता, तो बदलायचा राहून गेला होता, आणि धाकटी त्या अर्धवट उजेडात कठड्याला हात न लावता खाली आली होती.

"पायऱ्यांच्या कडा दिसल्या म्हणे तिला, ताई! एकेक कड!"

दुसऱ्या दिवशी आई आणि ताई तिच्याकडे गेल्या. धाकटी आपल्या चिमुरड्या मुलीला मांडीवर घेऊन एकाच मिणमिणत्या दिव्याखाली बसली होती. बाकीचे सगळे दिवे तिने मुद्दाम बंद करायला लावले होते. "हिच्या गालावर खळी पडते," ती पुन्हा पुन्हा सांगत होती, "दुपारी दिसायची, संध्याकाळी कधी दिसली नव्हती. संध्याकाळीसुद्धा पडते गं ताई!" आई पदराने डोळे पुसत होती. ताईनेही हसून मुलीचा गाल चाचपला. खळी बोटाला लागली.

घरी परत येताना तिच्या लक्षात आलं, की ती मनातल्या मनात महिने मोजतेय. वर्षाला अजून किती राहिले, याचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप चालू झाला होता. तिला स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं दाराबाहेर ठेवलेली गोष्ट पाय न वाजवता आत येऊन बसली होती. आणि तिच्या मागोमाग आणखी एक आली होती, ती म्हणजे असूया. धाकटी फोनवर रोज नवं काहीतरी सांगायची. आज चंद्र दिसला, आज चहाच्या कपातली साय दिसली. ताई "अरे वा" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ तशीच बसून राहायची.

थांबणाऱ्यांनाही अधूनमधून तपासणीला जावं लागायचं. त्यातली मुख्य परीक्षा होती चालण्याची. एका मोठ्या खोलीत जमिनीवर बाणांची वाट आखलेली असायची. मध्ये ठोकळे, पायरी, लोंबणारा पडदा, आडवी दांडी. काठी न वापरता, हात न लावता, वाट न चुकता पलीकडे जायचं, आणि दर फेरीला उजेड कमी कमी होत जायचा. वाट दर वेळी वेगळी. किती चुका झाल्या, किती वेळ लागला, यावर मार्क.

"जमेल तितकं नीट चाला," चाचणीचं काम बघणारी बाई सांगायची.

नीट चालणं हा तर ताईचा धंदाच होता. मान संथपणे डावी-उजवीकडे फिरवत समोरची जागा पट्ट्यापट्ट्याने कशी बघून घ्यायची, हे तिने शेकडो लोकांना शिकवलं होतं. तिच्या नळीएवढ्या नजरेतून ती ती खोली गोळा करत जायची. तळपायाला बाणाच्या कागदाची कड कळायची. ठोकळ्याजवळ आलं की स्वतःच्या पावलांचा आवाज किंचित बदलतो, तेही तिला ठाऊक होतं. पहिल्या वेळी ती दोनदा धडकली. मग खोलीची सवय झाली. तिसऱ्या वेळी तर उजेड जवळजवळ नाहीच, अशा फेरीतही ती कुठे न अडखळता पलीकडे गेली.

"कमाल आहे!" ती बाई म्हणाली. "मागच्यापेक्षा कितीतरी छान."

ताईला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. परत येताना गाडीत तिने ते धाकटीला सांगितलं. धाकटी खळखळून हसली. "तू काय, डोळे बांधूनसुद्धा जाशील!"

वर्ष संपत आलं आणि सगळ्यांना रुग्णालयात बोलावलं. औषधाच्या गटातले, थांबणाऱ्या गटातले, बरोबरची माणसं. ताईने केंद्रातून शस्त्रक्रियेसाठी रजाही मागून ठेवली होती. आपली जागा कोण सांभाळेल, तेही ठरवून आली होती. डॉक्टर उभे राहिले, घसा साफ केला, आणि तेवढ्यावरूनच ताईला कळलं. आवाजावरून माणूस ओळखायची तिला सवय होती.

"कंपनीने ही चाचणी इथेच थांबवायचं ठरवलंय," डॉक्टर म्हणाले. "औषध अपायकारक आहे म्हणून नाही. काही लोकांना चांगला गुण आलाय. पण सगळ्यांचे आकडे एकत्र केल्यावर दोन गटांमधला फरक पुरेसा निघाला नाही. एवढ्या फरकावर पुढे पैसा घालायची त्यांची तयारी नाही."

"आमच्या दुसऱ्या डोळ्याचं काय?" धाकटीने विचारलं.

"तो टप्पा आता होणार नाही."

"आणि आम्ही थांबलो त्याचं काय?" मागून एका माणसाने विचारलं. "वर्षभराने देतो म्हणाला होतात."

"चाचणी चालू राहिली तर, असं ते होतं. मला फार वाईट वाटतंय. पण तुमचं योगदान वाया जाणार नाही."

"योगदान डोळ्यात घालता येतं का हो?" तो माणूस म्हणाला. कुणी हसलं नाही.

ताईने हात वर केला. "फरक का नाही निघाला, डॉक्टर? माझी बहीण जिन्यावरून चालत आली."

डॉक्टर थोडे घुटमळले. "औषधाच्या गटातल्या लोकांचे मार्क वाढले. पण थांबणाऱ्या गटाचेही वाढले. नजर वाढली नाही त्यांची, उलट कमीच झाली. पण चालण्याच्या परीक्षेची सवय झाली. काही जण तर फारच सफाईने चालायला लागले."

शेजारी बसलेल्या धाकटीचा श्वास ताईला ऐकू आला, आणि मग तो ऐकू येईनासा झाला.

माणसं पांगल्यावर ताई डॉक्टरांकडे गेली. "माझे मार्क धरलेत ना त्यात?"

"एकट्या तुमच्यामुळे काहीही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "तो विचार डोक्यातून काढून टाका. परीक्षाच नीट आखलेली नव्हती, ती चूक आमची."

"पण धरलेत ना?"

"सगळ्यांचेच धरलेत."

सगळे धाकटीच्या घरी आले. आईने चहा ठेवला. वायरमन मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेला. धाकटी उभीच होती.

"तिथे कशासाठी चालवत होते, ते तुला माहीत होतं का?" तिने विचारलं.

"माहीत होतं," ताई म्हणाली. "जमेल तितकं नीट चाला म्हणाले. चालले."

"दिसत होतं म्हणून चाललीस?"

ताई काठीची घडी घालू लागली.

"नव्हतं ना दिसत? मग दिसत नसल्यासारखं चालायचं होतंस! एकदा तरी अडखळायचं. एकदा पडायचं. तेवढंही तुला जमलं नाही?"

"अगं, काय बोलतेस तिला?" आई म्हणाली. "डॉक्टर म्हणाले ना, तिच्यामुळे नाही म्हणून."

"आई, तू मध्ये पडू नकोस. हिला जन्मभर एकच दाखवून द्यायचंय, की डोळ्यांवाचून हिचं काही अडत नाही. घे, दाखवलंस! त्यांनाही पटलं. गेले निघून!"

ताईला सांगायचं होतं, की खोटं चालणं म्हणजे फसवणूक झाली असती. असंही सांगायचं होतं, की या वर्षात ती किती वेळा कॅलेंडरजवळ जाऊन उभी राहिली होती, आणि आज रजेचा अर्ज मागे घ्यायला तिला तोंड नव्हतं. त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. आलं ते भलतंच.

"तुला निदान एक डोळा तरी मिळाला," ती म्हणाली. "मला काय मिळालं?"

बोलली आणि तिने जीभ चावली. पण शब्द सुटला होता.

"हेच," धाकटी अगदी हळू म्हणाली. "हेच होतं तुझ्या पोटात, वर्षभर. मी चंद्र सांगायचे आणि तू वा वा म्हणायचीस."

चहा तसाच गार झाला. आईने ताईचा हात धरून तिला घरी आणलं, काठी असतानाही.

त्यानंतर बहिणी बोलेनाशा झाल्या. आई मध्ये निरोप्यासारखी झाली. इकडचं तिकडे सांगायची, पण टोचणारं वाटेतच गाळून. तिच्याकडूनच ताईला कळत गेलं, की धाकटीचा औषध न घातलेला डोळा भराभर उतरला. औषधाचा डोळाही दीड-दोन वर्षं टिकला आणि मग त्यालाही ओहोटी लागली. दुसरी एखादी कंपनी हे औषध उचलेल, असं डॉक्टर दर खेपेला सांगत. एका खेपेला ते स्वतःच बदली होऊन गेले. वायरमनने जिन्यात आणखी दिवे लावले. दुकानाच्या मालकाला शेवटी सगळं कळलं, आणि धाकटीची नोकरी गेली.

ताईचीही नळी बंद होत गेली. आता तिला खिडकी कुठे आहे तेवढं कळायचं. कामात तिचा हात पूर्वीसारखाच चालायचा. फक्त कुणी तिला "कमाल आहे तुमची" म्हटलं, की ती एकदम विषय बदलायची.

एका सकाळी केंद्राच्या व्यवस्थापक बाईंनी तिला बोलावून घेतलं. "नवीन नावं आलीत. त्यात तुमच्या बहिणीचं आहे."

ताईला सुख आणि दुःख एकाच वेळी झालं. "माझ्या वर्गात घाला ना," ती म्हणाली. "मी वेळ काढते."

व्यवस्थापक बाईंनी यादी मिटली. "त्यांनी विचारलंय, दुसरं कुणी शिकवेल का."

"हो," ताई म्हणाली. "शिकवेल की. काठी शिकवणाऱ्या सरांकडे द्या. सर चांगले आहेत."

केंद्रात पहिले काही आठवडे डोळ्यांवर काळी पट्टी बांधून शिकवायची पद्धत होती, म्हणजे उरलीसुरली नजर हाताशी आहे म्हणून माणूस तिच्यावर विसंबून राहत नाही. भिंतीपलीकडून ताईला सरांचा आवाज यायचा, आणि त्या आवाजामागून एक काठी, आधी घाबरत, मग थोडी धीटपणे. धाकटीची काठी कुठली ते ताई दोनच दिवसांत ओळखायला लागली. ती जमिनीवर टेकायची कमी आणि आपटायची जास्त.

एका दुपारी ताई वर्ग आटोपून बाहेर पडली, तर तीच काठी व्हरांड्यातून समोरून येत होती. वाट अरुंद होती. ताई भिंतीला पाठ लावून उभी राहिली. काठी डावीकडे गेली, उजवीकडे आली, आणि ताईच्या बुटावर ठक्कन आपटली.

"माफ करा हं," धाकटी म्हणाली. अनोळखी माणसाशी बोलावं तसं, अगदी सभ्यपणे. "लागलं का?"

दोघींमध्ये हातभर अंतर होतं. धाकटीच्या केसांना तेच तेल होतं, लहानपणी आई दोघींना लावायची ते. ताईने तोंड उघडलं. पण आवाज दिला असता तर त्या सभ्य आवाजाचं पुढे काय झालं असतं, ते तिला माहीत होतं. तिने काठीचं टोक हळूच बुटाने बाजूला सारलं, वाट मोकळी करून दिली. धाकटी क्षणभर थांबली, कान देऊन उभी राहिली, आणि मग पुढे गेली.

संध्याकाळी हात धुताना सर ताईच्या शेजारी आले. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. "तुमची बहीण छान चालायला लागली हो," ते म्हणाले. "अजिबात अडखळत नाही."

"हो का," ताई म्हणाली. तिने नळ बंद केला आणि पुसायला रुमाल शोधू लागली. रुमाल नेहमीच्या खुंटीवरच होता, पण त्या दिवशी तिला तो लवकर सापडला नाही.